मेंढरांच्या वाड्यावरचा बोलका डबा

मित्रांनो, मी एक डबा आहे. जुना की नवा ते विचारू नका, कारण माझंच मला नक्की ठाऊक नाही. माझं प्लास्टिक जुनं आहे. त्यात पूर्वी शेंगदाण्याचा कूट असायचा. पोटातल्या तारा मात्र नव्या आहेत. मला बोलता येतं, पण स्वतःच्या मनातलं एक अक्षरही बोलता येत नाही. माझ्या अंगावर सहा बटणं आहेत. जे बटण दाबाल तेवढंच मी बोलतो, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात. ऐकू मात्र सगळं येतं. एका बापाला आपल्या लेकीसाठी चारचौघांत एक शब्द बोलायचा होता आणि तो त्याला माझ्याकडूनच बोलावा लागणार होता. तो शब्द मी बोललो. पण तो नेमका कुणाचा होता, याचा घोळ माझ्या डोक्यात अजून मिटलेला नाही. मला डोकं आहे की नाही, हाही एक घोळच आहे. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात झाला. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी एक गट काढला होता. अडल्यानडल्या माणसांच्या उपयोगी पडतील अशी यंत्रं फुकट बनवून द्यायची, असा त्यांचा बेत. गटाचं नाव ‘हातभार’. आधी व्हॉट्सअॅपवर ग्रुप निघाला, मग बोधचिन्ह झालं, मग टी-शर्ट छापून आले आणि करायचं काय, हा प्रश्न सर्वांत शेवटी निघाला. ऋतुराजला ड्रोन उडवायचं होतं. तनुजाला पाणी शुद्ध करायचं होतं. बऱ्याच जणांना नुसतं प्रमाणपत्र हवं होतं. गोकुळ नावाचा बिडकीनकडच्या खेड्यातला एक मुलगा समोसा खात सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. वाद घालता घालता प्रदर्शनाची तारीख इतकी जवळ आली की जे लवकर होईल ते करू, असं ठरलं. लवकर होणारा होतो मी.

पैठण गेटजवळच्या दुकानातून सुटे भाग आले. ऋतुराजनं घरातला कुटाचा डबा गुपचूप उचलून आणला आणि त्याची आई बिचारी तो आठवडाभर शोधत राहिली. मला भोकं पाडली, तारा जोडल्या, स्पीकर बसवला. ज्याला बोलता येत नाही त्याला काय बोलावंसं वाटत असेल, यावर मग मुलांची चर्चा झाली. त्यांना सगळ्यांनाच बोलता येत होतं आणि सगळे एकदमच बोलत होते. शेवटी सहा वाक्यं ठरली. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘मला भूक लागली आहे.’ ‘मला त्रास होत आहे.’ ‘होय.’ ‘नाही.’ आणि ‘धन्यवाद.’ गॅदरिंगचं निवेदन तनुजा करायची, म्हणून आवाज तिचाच घ्यायचा ठरला. झाकणाखालची बारीक कळ दाबून धरली की जे बोलाल ते माझ्या पोटात जाऊन बसतं. तनुजा बोलली, ऋतुराजनं बटण दाबलं आणि मी पहिल्यांदा ‘धन्यवाद’ म्हणालो.

“अबे, चालू झाला! सुन, सुन!” ऋतुराज ओरडला.

मला तेव्हा वाटलं, मी तनुजाच आहे.

प्रदर्शनात माझं फार कौतुक झालं. मोठमोठे पाहुणे येऊन माझं ‘धन्यवाद’चं बटण दाबायचे आणि हसत पुढच्या टेबलाकडे जायचे. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. फोटो निघाले. त्यानंतर मला उरलेल्या टी-शर्टांबरोबर कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. परीक्षा आल्या, गेल्या. कुणाला तरी त्रास होत असेल आणि ते सांगायला मी इथं तयार आहे, हे मला कळत होतं. पण तो कुणीतरी कोण, ते मलाही माहीत नव्हतं आणि मला बनवणाऱ्यांनाही. अंधारात पडून राहण्यापेक्षा हेच जास्त लागलं मला.

एके दिवशी गोकुळनं कपाट उघडलं. सुट्टीत तो घरी गेला होता, तेव्हा त्याच्या वडिलांच्या, नानासाहेबांच्या शेतात मेंढरं बसवली होती. कापूस निघून गेला की रान मोकळं होतं. मग मेंढपाळ येऊन तिथं मुक्काम टाकतात आणि मेंढरांच्या लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं. त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. तंबूसारखी चार पालं, एक घोडं, दोन कुत्री आणि जाळीच्या कुंपणात दाटीवाटीनं बसलेली मेंढरं. त्या वाड्याचे म्होरके होते बिरूआबा. दोन वर्षांपूर्वी घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यात त्यांचा आवाज गेला. गळ्याला एक छिद्र होतं, त्यावर ते पांढरं फडकं बांधत. श्वासही तिथूनच चालायचा, त्यामुळे त्यांना साधी शीळसुद्धा घालता येत नव्हती. काठी आपटायची, टाळ्या वाजवायच्या, हातवारे करायचे, एवढंच राहिलं होतं.

गोकुळनं मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि एक बटण दाबलं.

“मला भूक लागली आहे,” मी तनुजाच्या गोड आवाजात म्हणालो.

 मग जी खसखस पिकली ती थांबेचना. बिरूआबांची बायको वच्छलाबाई चुलीपाशी हसून हसून खोकायला लागल्या. “अगं बया! ह्यांच्या गळ्यात ही कुणाची शिकल्याली लेक येऊन बसली?” बिरूआबाही हसत होते, पण आवाजाविना. त्यांचे नुसते खांदे हलत होते. माणूस असाही हसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला घोड्यावरच्या गाठोड्यात टाकून दिलं. मोठ्या मिशांच्या माणसानं पोरीच्या आवाजात पाणी मागायचं कसं, आणि वाड्यावर ‘धन्यवाद’ म्हणायचं तरी कुणाला? मी पुन्हा अंधारात आलो. या खेपेला सोबतीला कांदे होते.

पण गोकुळ गप्प बसला नाही. पुढच्या रविवारी तो तनुजा आणि ऋतुराजला मोटारसायकलवरून थेट वाड्यावर घेऊन आला. तनुजाला आपल्या आवाजाला लोक हसले हे कळलं तेव्हा ती कानापर्यंत लाल झाली. मग वच्छलाबाईंच्या शेजारी बसून तिनं विचारलं, “मावशी, आबांना रोज काय काय बोलायचं असतं?”

“आता काय सांगू बाई? लई बोलायचे हे. आता समदं अजिनाथ भावजीच बोलत्यात.”

अजिनाथ म्हणजे बिरूआबांचा धाकटा भाऊ. भावाच्या दुखण्यात तो दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला होता. भावाची मेंढरं तो आपल्या मेंढरांबरोबर राखत होता. बाजारात, गावात, पाव्हण्यारावळ्यांत दादाच्या वतीनं तोच बोलायचा. बिरूआबांनी हात हलवला की तो लगेच सांगायचा, “दादा म्हनतोय, उद्या मुक्काम हलवू.” बिरूआबा मान हलवायचे, तर म्हणायचा, “बगा, व्हय म्हनतोय.” आणि ती मान कधी होकाराची असायची, कधी नकाराची, कधी माश्या हाकलायची. मुद्दाम खोटं तो कधीच बोलला नाही. दादाचं मन आपल्याला कळतं, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

तेव्हा आवाज कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न निघाल्यावर अजिनाथच पुढं झाला. “माझाच घ्या की. तसंबी मीच बोलतो दादासाठी. भावाभावाचा आवाज, सारखाच हाय.”

मुलांना ते फारच पटलं. घरचा माणूस, घरची बोली! ऋतुराजनं झाकण काढलं आणि कळ दाबून धरली. ‘व्हय.’ ‘नाय.’ ‘च्या टाक.’ ‘इकडं ये रं.’ आणि मेंढरांना बोलवायची जिभेवरची लांबलचक हाळी. एकेक बटण भरत गेलं तसतशी तनुजा माझ्या पोटातून पुसली जाऊ लागली. माझं बारसं दुसऱ्यांदा होत होतं आणि नाव सांगायला कुणी तयार नव्हतं. बिरूआबांना काय वाटतं, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही. ते समोरच बसून होते.

सहावं बटण राहिलं. तेव्हा बिरूआबांची मुलगी रत्नमाला तिचा फोन घेऊन पुढं आली. एकोणीस वर्षांची ही मुलगी पैठणला नर्सिंगचा कोर्स करत होती आणि सुट्टीपुरती वाड्यावर आली होती. “आबांचा खरा आवाज हाय माझ्याकडं,” ती म्हणाली. “पर एवढासाच.”

चुलतभावाच्या हळदीचा तो व्हिडिओ होता. ढोलकी वाजत होती, पोरं चुलवणाभोवती नाचत होती आणि मागून कुणीतरी खणखणीत ओरडलं, “ए, सरक बाजूला!” बस, एवढंच. एवढ्या आयुष्यातलं बिरूआबांचं एवढंच बोलणं शिल्लक राहिलं होतं. ऋतुराजनं फोन माझ्या तोंडाशी धरला आणि ढोलकीसकट ते माझ्यात उतरवून घेतलं.

बिरूआबांनी ते बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग मला छातीशी धरून ते पालामागं गेले आणि माझी बॅटरी उतरेपर्यंत दाबत राहिले. त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण उपयोगाचे आहोत, आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

मी कामाला लागलो. नानासाहेबांच्या विहिरीवर मोटारीची खोली होती, तिथं मला चार्जिंगला लावायचे. ‘च्या टाक’ म्हटलं की वच्छलाबाई म्हणायच्या, “दूध कुठंय?” ‘सरक बाजूला’ कुत्र्यांना, कोकरांना, घोड्याला, सगळ्यांना लागू पडायचं. पण मेंढरांच्या हाळीचं काही जमेना. बिरूआबांनी बटण दाबलं की मेंढरं माना वर करायची, आवाज ओळखायची आणि पळत सुटायची ती थेट अजिनाथकडे! तो लांब बांधावर बसलेला असायचा. “च्यायला, मी कवा बोलावलं?” म्हणत तो त्यांना परत पिटाळायचा. बिरूआबा इकडं एकटे उभे. मेंढरं गोंधळली होती, अजिनाथ गोंधळला होता आणि मी तर विचारूच नका.

अशातच अजिनाथनं रत्नमालेसाठी स्थळ आणलं. फर्दापूरकडचे साहेबराव म्हणून एक सालस गृहस्थ होते, त्यांचा मुलगा. ‘ठरवू का दादा?’ असं त्यानं विचारलंही होतं. बिरूआबांनी तळहात पुढं केला. थांब, असं त्यांना म्हणायचं होतं. अजिनाथनं ते ‘हो पुढं’ असं घेतलं आणि पाव्हण्यांना बोलावणं धाडलं.

दुपारी रत्नमाला बापाजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजलेले होते. “आबा, माझी दोन वर्षं राह्यलीत. आता लगीन झालं तर कोर्स सुटंल. पुन्ना कोन मला शिकू देनार? तुमाला तरी वाटतं का, मी शिकावं?”

बिरूआबांनी मला शोधलं. “व्हय,” मी म्हणालो. अजिनाथच्या आवाजात.

रत्नमालेनं दचकून मागं पाहिलं. मग तिला कळलं आणि रडता रडता ती हसली. “पाव्हण्यांसमोर बोलताल का आबा?”

“व्हय.”

त्या ‘व्हय’नं मला घोर लावला. बोलणार होते ते आणि तोंड होतं माझं. ऐन वेळी तार सुटली तर? बॅटरी उतरली तर? एका मुलीचं पुढचं सगळं आयुष्य कुटाच्या डब्यावर येऊन ठेपलं होतं.

पाव्हणे आले. घोंगड्या अंथरल्या गेल्या. रत्नमाला आईच्या मागं पालाच्या तोंडाशी उभी होती. बिरूआबांनी मला मांडीवर घेतलं होतं. चहा झाला आणि अजिनाथ घसा साफ करून बोलायला लागला.

“आमच्या दादाला बोलता येत नाय, तवा त्याच्या वतीनं मीच सांगतो. स्थळ त्याला पसंत हाय. येत्या म्हैन्यात उरकून टाकू.”

“नाय,” मी म्हणालो.

सगळ्यांनी अजिनाथकडं पाहिलं. आवाज त्याचाच होता ना! साहेबरावांनी कप खाली ठेवला. “अजिनाथराव, आत्ता पसंत हाय म्हनलात.”

“व्हय, पसंत हाय म्हनलो की.”

“नाय,” मी.

“मग नाय काहून म्हनताय?”

“मी कुठं नाय म्हनलो?”

“नाय.”

मित्रांनो, अशी तारांबळ तुम्ही पाहिली नसेल. एकाच माणसाच्या आवाजात होकार आणि नकार एकमेकांशी भांडत होते. पाव्हण्यांपैकी एकानं अजिनाथच्या मागं वाकून पाहिलं. कुणी म्हणालं, ह्याची तब्येत बरी नाय. अजिनाथला घाम फुटला. मग त्याचं लक्ष बिरूआबांच्या मांडीकडं गेलं आणि तो चरफडला. “ते डबडं बिघडलंय! पोरांनी कायबी बनवून देल्लंय. आन रं दादा, बंद करतो त्याला.” तो उठला आणि त्यानं माझ्याकडं हात लांबवला. त्याची बोटं माझ्या झाकणाला लागली.

बिरूआबांनी सहावं बटण दाबलं.

“ए, सरक बाजूला!”

ढोलकीसकट, खणखणीत. अजिनाथचा हात जागीच थांबला. वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबराव घोंगडीवरून अर्धे उठले. “आरं, ह्यो तर बिरूचा आवाज! बाजारात लांबून वळखायचो मी.” मग ते बिरूआबांसमोर येऊन बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. दोन वर्षांत जे कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी बिरूआबांच्या डोळ्यांत पाहून विचारलं, “पाव्हणं, तुमीच सांगा. लेक द्यायचं मनात हाय का?” आणि विचारून ते थांबले.

बिरूआबांनी अंगठा उचलला. माझ्या बटणांवरून तो एकदा चुकून चहाच्या बटणाकडं गेला, परत आला.

“नाय.”

“आणि पोरीचं काय म्हननं हाय?”

रत्नमाला आईच्या मागून पुढं आली. “मला कोर्स पुरा करायचाय,” ती म्हणाली. तिला कुणाच्या डब्याची गरज नव्हती. कुणी विचारण्याचीच काय ती गरज होती.

साहेबराव उठले. “बरं झालं, आजच कळलं. उंद्या आमच्या घरात येऊन लेकरू रडत बसलं असतं.” रागावले नाहीत, पण दुसरा चहा न घेता गेले. ते खरंच रागावले नव्हते की आतून रागावले होते, हे मला आवाजावरून काही समजलं नाही.

अजिनाथ मात्र कुणाशी बोलेना. तो मेंढरं घेऊन गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी भावाजवळ येऊन टेकला. रत्नमाला सकाळच्याच एसटीनं पैठणला गेली होती. बराच वेळ तो नुसता काडीनं मातीत रेघा ओढत राहिला.

“दादा,” तो शेवटी म्हणाला, “ह्या दोन वर्सांत तुझ्या नावानं म्या लई बोललो. त्यातलं तुझं किती व्हतं रं?”

याला माझ्याकडं बटण नव्हतं. बिरूआबा मला हातात धरून बसून राहिले.

अजिनाथनंच मग एकेक काढलं. “औंदा हिकडं मुक्काम टाकला, ते तुझ्या मनात व्हतं?”

“व्हय.”

“तांबडा घोडा इकला, ते?”

“नाय.”

“नाय?” त्याचा चेहरा पडला. बोलणारा आवाजही त्याचाच, ऐकणारे कानही त्याचेच. मग हातातली काडी टाकून त्यानं विचारलं. “दवाखान्यात त्या राती तुला दम घेता येत न्हवता. तू सुधीत न्हवता. डॉक्टर म्हनले, जीव वाचंल, आवाज जाईल. काय करायचं सांगा. म्या व्हय म्हनलो, दादा. ते तरी तुझं व्हतं का रं?”

बिरूआबांनी लगेच बटण दाबलं नाही. मी वाट पाहत होतो. अजिनाथ वाट पाहत होता. आणि या खेपेला तो मधे काही बोलला नाही.

“व्हय.”

अजिनाथनं पटका तोंडाशी धरला आणि तो मोठ्यानं रडला. बिरूआबांनी माझं तेच बटण पुन्हा दाबलं, आणि मग दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. ते ‘व्हय’ दवाखान्यातल्या अजिनाथचं होतं की आजच्या बिरूआबांचं, मला अजूनही सांगता येत नाही. मी फक्त म्हणालो.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी सांगतात की आमची निगा राखा. माझी निगा नीट राखली जाते. ‘हातभार’ची मुलं येतात, तारा तपासतात आणि आता काहीही भरण्याआधी बिरूआबांसमोर बसतात. मला विनवायचं आहे ते माणसांबद्दल. तुमच्या घरात, वर्गात, गल्लीत कुणी बोलू शकत नसेल, तर त्याच्या वतीनं बोलायची घाई करू नका. तुमचं प्रेम खरं असलं तरी करू नका. त्याच्या समोर बसा आणि विचारा. बटण सापडायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ गप्प राहा.